जेट तुंबलेला जुना रॉकेल हीटर: टाकीपासून ज्योतीपर्यंत

खाली पितळी टाकी, बाजूला पंप, वर बर्नर आणि बर्नरमागे तांब्यापितळेची चकचकीत वाटी. असा रॉकेलवर चालणारा हीटर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांतून अजूनही सापडतो, बहुतेकदा माळ्यावर. तो वर का गेला असं विचारलं की घरोघरी एकच उत्तर मिळतं: "जेट तुंबलं होतं." मोहल्ल्यातल्या एखाद्या काकू तो पदराने पुसत घेऊन येतात आणि म्हणतात, "बाबा रे, नुसती पिन मारून दे." पिन मारली की तो पेटतो, आठवडाभर चालतो आणि पुन्हा फुरफुरायला लागतो. जेट म्हणजे बर्नरचं वाफ सोडणारं बारीक भोकाचं तोंड. घाण तिथे फक्त अडकते. ती तयार होते टाकीत आणि बर्नरच्या नळ्यांत. म्हणून काम टाकीपासून सुरू करायचं आणि जेटला हात शेवटी लावायचा. या क्रमाने गेलात तर हीटर कित्येक हिवाळे विनातक्रार चालेल.

बाहेरून हीटर दिसत असला तरी आतून हा पंपाचा स्टोव्हच आहे. स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ मध्ये जी रचना बसवली तीच इथेही आहे. पंपाने टाकीत हवा दाबली की रॉकेल नळीतून वर चढतं. तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते, ती वाफ जेटच्या बारीक भोकातून जोरात सुटते, सुटताना आजूबाजूची हवा ओढून घेते आणि निळी जळते. हीटरमध्ये या ज्योतीवर तारेची जाळी किंवा भाजक्या मातीचा तुकडा असतो. तो लालबुंद झाला की मागची वाटी ती ऊब समोर फेकते.

रॉकेल साधारण १५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उकळतं. बर्नर त्याहून जास्त तापतो, त्यामुळे प्रत्येक वेळी थोडं रॉकेल वाफ होण्याऐवजी करपतं आणि नळीच्या आतल्या भिंतीवर कोळशाचा थर धरतं. थर जाड झाला की त्याचे पापुद्रे सुटतात आणि वाफेबरोबर जेटशी येऊन अडकतात. मोठ्या बर्नरच्या जेटचं भोक जेमतेम ०.३२ मिमीचं, लहान बर्नरचं ०.२८ मिमीचं. तिथे एक कण पुरतो. पिन मारल्यावर तो कण आत ढकलला जातो आणि तिथेच फिरत राहतो.

खोलण्याआधी

हीटर उजेडात ठेवून नीट बघा. टाकीच्या बुडाशी, पंपाच्या जोडाशी आणि तोंडाभोवती तडे आहेत का, डाग दिलेले सांधे सुटलेत का, हे आधी पाहायचं. टाकीच्या पत्र्यातच लांब तडा असेल तर ती टाकी पुन्हा दाबाखाली वापरू नका, कितीही मन लागलेलं असलं तरी. ती शोभेला ठेवा. सांध्याची गळती कसबी कारागिराकडून काढून घेता येते. त्याआधी टाकी गरम पाण्याने आणि सोड्याने धुऊन रॉकेलचा वासही जाईल इतकी स्वच्छ करून द्यावी. रॉकेलची वाफ असलेल्या टाकीजवळ बत्ती नेणं जिवावर बेतू शकतं.

टाकीवरचा कारखान्याचा शिक्का वाचून ठेवा आणि त्यावर घासकाम करू नका. प्रायमसच्या, म्हणजे लिंडक्विस्ट यांच्याच छापाच्या, टाक्यांवर १९११ पासून सालाचं अक्षर ठोकलेलं असतं, त्यावरून वय कळतं. बफ मारून मारून ही अक्षरं पुसलेल्या कितीतरी टाक्या बाजारात दिसतात आणि फार वाईट वाटतं.

बर्नरखालच्या स्पिरिटच्या वाटीत किंवा काकड्याच्या चिमट्यात पांढरट, कापसासारखी जुनी वात असेल तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. कोरडी खरवडू नका, फुंकू नका. पाण्याने चिंब करा, तोंडाला चांगला मास्क बांधा, ओली असतानाच काढून प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट बांधा. तिच्या जागी काचतंतूची दोरी बसते. जुन्या गॅस्केटलाही हाच नियम.

अवजारं फार लागत नाहीत. मापाचे दोन पाने, निपलचा, म्हणजे जेटचा, लांब पेटीपाना, पंपाच्या तळातली झडप काढण्याचा लांब दांड्याचा पाना, गॅसची बत्ती, सायकलच्या ब्रेकची जुनी तार आणि एक भिंग. लोहिया बाजारात थोडं फिरलं की यातलं बरंचसं मिळतं. झडपेचा पाना न मिळाल्यास लोखंडी नळीच्या टोकाला खाच पाडून खराद्याकडून करून घ्यावा. पकडीने झडप ओढायला जाऊ नका, तिचे कान तुटले की ती बाहेर काढणं फार जड जातं.

टाकी

आधी दाब सोडणारा हवेचा स्क्रू सैल करा, मग झाकण. आत राहिलेलं जुनं रॉकेल काचेच्या बरणीत ओता आणि तासभर राहू द्या. तळाशी पाण्याचा थर, तांबूस चिकट गाळ किंवा हिरवट कण दिसतील. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं रॉकेल चिकट होतं आणि पितळेला हिरवा कळक चढवतं. हाच माल पुढे बर्नरकडे जातो.

टाकीत वाटीभर ताजं रॉकेल आणि हातभर बारीक पितळी साखळी घाला, साखळीचं एक टोक बाहेर धरा आणि टाकी सगळ्या बाजूंनी हलवा. खडे किंवा नटबोल्ट घालणारे लोक असतात, पण त्यातला एखादा आत राहिला तर कायमचा राहतो. साखळी ओढली की सगळी बाहेर येते. रॉकेल स्वच्छ निघेपर्यंत दोनतीनदा असं करा. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून खळबळा. तरीही हिरवटपणा राहिला तर लिटरभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर लिंबाचं फूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवून अर्धा तास ठेवा. त्याहून जास्त ठेवू नका, पितळ गुलाबी पडायला लागतं. शेवटी स्वच्छ पाणी, उन्हात दिवसभर पालथी ठेवणं, आणि थोड्या रॉकेलने एकदा विसळणं. पाण्याचा थेंबही राहू द्यायचा नाही.

बाहेरून उजळायला चिंच उत्तम, नंतर भरपूर पाणी. अमोनिया असलेलं कुठलंही पॉलिश मात्र टाकीला लावू नका. ताणाखाली असलेल्या पितळेला अमोनियाने तडे जातात. ब्रिटिश फौजेच्या हिंदुस्थानातल्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप भेगा पडत. तबेल्यांत साठवलेल्या त्या काडतुसांना घोड्यांच्या मुतातला अमोनिया बाधत होता, हे कोडं १९२१ मध्ये उलगडलं. दाबून घडवलेली टाकी ही त्याच जातीची वस्तू आहे.

पंप आणि झडप

पंपाच्या दांड्याला चामड्याचं वाटीसारखं वायसर असतं. वाळून कडक झालं असेल तर शिवणयंत्राच्या तेलात रात्रभर भिजवा आणि बोटांनी कडा बाहेर उघडा. ते फाटलं असेल तर मोचीकडून चांगल्या चामड्याची चकती कापून घ्या, ओली करून पंपाच्या नळीच्या तोंडात दाबून वाटीचा आकार द्या, वाळवा, मग तेलात टाका. हाताशी असतं म्हणून खोबरेल वापरू नये. आपल्याकडे जानेवारीत रात्रीचं तापमान ५ अंशांखाली जाणं नवं नाही आणि खोबरेल २४ अंशांच्या आसपासच थिजतं. नेमक्या गरजेच्या वेळी पंप आवळून बसतो.

पंपाच्या तळाशी एकदिशा झडप असते. पंप मारून सोडल्यावर दांडा आपोआप वर येत असेल किंवा पंपाच्या नळीत रॉकेल दिसत असेल, तर ही झडप गळते आहे. ही गळती अजिबात चालवून घेऊ नका, कारण पेटत्या हीटरमध्ये दाबाखालचं रॉकेल पंपातून बाहेर येऊ शकतं. झडप काढा, आतली बारीक स्प्रिंग आणि बूच बाजूला ठेवा. बूच जुन्या कॉर्कचं किंवा रबराचं असतं, ते दगड झालेलं असतं. त्या मापाचं नवं बूच नायट्राइल रबराचं किंवा व्हिटॉनचं कापा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा रॉकेलमध्ये फुगतो आणि महिनाभरात रस्ता बंद करतो. झाकणाचं वायसरही नायट्राइलचंच घ्या. झडप परत बसवताना खालचं शिशाचं वायसर नवं घातलेलं बरं.

बर्नरमधला कोळसा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बर्नर टाकीवरून सोडवताना टाकी हातात धरून पिळू नका, पातळ पत्रा मुरगळतो. एक पाना नळीच्या षटकोनावर, दुसरा बर्नरवर. घट्ट बसला असेल तर सांध्यावर भेदक तेल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी त्यावर उकळतं पाणी ओता आणि मग जोर द्या. तो टाकीवर असताना बत्ती लावू नका. टाकीचे सांधे कथील-शिशाच्या डागाचे असतात आणि तो १८३ अंशांपासून पाघळू लागतो. शिवाय आतली वाफ आहेच.

बर्नर सुटला की जेट काढा. आधी बर्नर बत्तीने थोडा गरम करा आणि गरम असतानाच पेटीपान्याने जेट सरळ रेषेत फिरवा. जेटचं डोकं मऊ पितळेचं असतं, पाना घसरला की ते गोल होतं. पाना पूर्ण खोल बसल्याची खात्री झाल्याशिवाय जोर देऊ नका.

आता मोकळा बर्नर विटेवर ठेवा आणि सावलीत, जिथे रंग दिसेल अशा जागी, बत्तीने सगळीकडून सारखा तापवा. मंद, जेमतेम दिसणारा लाल रंग आला की थांबा. याहून पुढे गेलात तर नळ्यांच्या झाळलेल्या जोडांना धोका असतो. लाल असताना त्याला चिमट्याने वाकवू किंवा आवळू नका, तापलेलं पितळ ठिसूळ असतं. आतला कोळसा या आचेवर वाळून तडकतो, काही जळूनही जातो. बारीक तांब्याची नळी लावून सायकलच्या पंपाने तापलेल्या बर्नरच्या खालच्या तोंडातून हवा सोडली तर वरच्या भोकातून ठिणग्या उडताना दिसतात, म्हणजे कोळसा जळतो आहे. तोंड बाजूला ठेवा, चष्मा घाला.

पुष्कळ जण लाल बर्नर थेट पाण्यात बुडवतात. कोळसा त्याने सुटतो हे खरं, पण इतक्या जुन्या सांध्यांना तो झटका देणं मला पटत नाही. मी तो हवेतच निवू देतो, लाकडी ठोकणीने हलके ठोकतो आणि पुन्हा तापवतो. वेळ जास्त लागतो, बर्नर शाबूत राहतो.

निवल्यावर ब्रेकच्या तारेचे पदर टोकाशी अर्धा इंच उलगडून छोटा कुंचला करा आणि खालच्या तोंडातून आत फिरवत सरकवा. वळणाशी अडली की मागे घ्या, तोडू नका. काळी पूड पडत राहील. खालच्या नळीत बारीक जाळीचं गुंडाळलेलं गाळणं असेल तर तेही बाहेर काढून धुवा, कुजलं असेल तर नवीन पितळी जाळीचं करा. तापवणं, ठोकणं, तार आणि हवा हा फेरा पूड पडायची थांबेपर्यंत चालू ठेवा. शेवटी बर्नर लिंबाच्या फुलाच्या गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने धुवा.

काही हीटरमध्ये जेट वेगळं नसतं, वाफ करणाऱ्या नळीतच ते कायमचं बसवलेलं असतं आणि साफ करणारी सुई नळीच्या आत, चावीला जोडलेली असते. तिथे आधी सुई खालून पूर्ण बाहेर घ्या, मगच नळी तापवा. सुई आत असताना तापवली तर ती कोळशात चिकटते आणि ओढताना टोक मोडतं. अशी नळी तापवून मोकळी झाली नाही तर अख्खी बदलणं हाच उपाय.

जेट

काढलेलं जेट कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये किंवा थिनरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. दुसऱ्या दिवशी भोक मोकळं करायला स्टोव्हची पिन चालते, पण ती मापाची हवी. बाजारातल्या पिना कधी जाड निघतात आणि भोक रुंद करतात. यासाठी सतारीच्या तारा फार उपयोगी पडतात आणि तानसेनाच्या गावात त्या मिळायला अडचण नाही. तरफेची, म्हणजे पडद्यांखाली आपोआप झंकारणारी, पोलादी तार साधारण ०.२३ मिमीची असते, ती मोठ्या आणि लहान दोन्ही जेटांतून सहज जाते. बाजाची, म्हणजे वाजवायची मुख्य, तार ०.३० मिमीच्या आसपास असते. ०.३२ च्या जेटचं माप बघायला ती कामी येते: बेताची सरकली तर भोक ठीक, आत डुगडुगली तर जेट झिजलेलं आहे. तारा घेताना दुकानात जाडी विचारून घ्या.

तार बाहेरच्या, अरुंद बाजूने सरळ आत घाला. जेटची आतली बाजू रुंद असते, त्यामुळे कण तिकडे पडतो आणि धुतला जातो. तार पिळू नका. पोलाद पितळेपेक्षा कठीण असल्याने पिळलं की भोक लांबट होतं. मग जेट खिडकीकडे धरून भिंगातून बघा. भोक गोल आणि कडा स्वच्छ दिसली पाहिजे. लांबट भोकाचं जेट कितीही साफ केलं तरी ज्योत एका अंगाला झुकते. अशा वेळी तेवढ्याच मापाचं नवं जेट घाला. मोठं भोक म्हणजे जास्त ऊब असं नाही. वाफ जास्त, हवा कमी पडते आणि ज्योत पिवळी, काजळी धरणारी होते.

जोडणी

जेट बेताचं आवळा. बर्नर आणि नळीमध्ये शिशाचं नवं वायसर घाला आणि पुन्हा दोन पान्यांनीच घट्ट करा. मग टाकी रिकामी असतानाच पाणीपरीक्षा घ्या. जेटच्या जागी तात्पुरता बंद निपल लावा किंवा बोटाने तोंड दाबून धरा, आठदहा पंप मारा आणि हीटरचा खालचा भाग बादलीत बुडवा. बुडबुडे कुठून येतात ते दिसतं. वरच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावा. एकही बुडबुडा असेल तर पुढे जाऊ नका. नंतर सगळं नीट वाळवा.

लाल होणारी जाळी फाटली असेल तर निक्रोमची किंवा गंज न लागणाऱ्या पोलादाची घ्या. जस्ताचा मुलामा असलेली स्वस्त जाळी तापली की विषारी धूर सोडते. मागची वाटी उजळणं हे केवळ शोभेचं काम समजू नका. ती काळवंडलेली असेल तर ऊब तुमच्याकडे यायच्याऐवजी तिच्यातच मुरते. पितळ-तांब्याला चिंच चालते, निकेल किंवा क्रोमचा मुलामा असेल तर फक्त साबण आणि मऊ फडकं.

पहिल्यांदा पेटवताना

अंगणात किंवा गच्चीवर, वारा नसेल तेव्हा. शेजारी कोरड्या वाळूची बादली आणि जाड घोंगडी ठेवा. पाणी नको, जळतं रॉकेल पाण्यावर पसरतं.

रॉकेल ताजं, आदल्या रात्री स्थिर ठेवलेलं आणि नरसाळ्यात मलमलच्या दुपदरी कापडातून गाळलेलं असावं. तळाचं दोन बोटं रॉकेल ओतू नका, पाणी तिथे असतं. टाकी तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरू नका. रॉकेलच्या हीटरमध्ये पेट्रोल किंवा पेट्रोलमिश्रित काहीही घालायचं नाही. त्याची वाफ थंडीतही पेट घेते आणि टाकीचा दाब हाताबाहेर जातो.

हवेचा स्क्रू उघडा ठेवून बर्नरखालची वाटी स्पिरिटने भरा, किंवा काकडा भिजवून लावा, आणि पेटवा. घाई इथेच होते. बर्नर पुरता तापायच्या आत पंप मारला तर जेटमधून कच्चं रॉकेल उडतं आणि हातभर पिवळा भडका होतो. आपल्या पौष-माघातल्या धुक्यात एका वाटीने बर्नर तापत नाही. ज्योत पूर्ण विझून वाटी थोडी निवली की पुन्हा स्पिरिट भरा. पेटत्या किंवा गरम वाटीत बाटलीतून स्पिरिट कधीही ओतू नका. दुसरी वाटी संपत आली की स्क्रू बंद करा, चारपाच हलके पंप मारा. निळी ज्योत फरफर आवाज करत धरली की मिनिटभर तशीच राहू द्या आणि मग हळूहळू दाब वाढवा. भडका झालाच तर स्क्रू उघडा. दाब गेला की रॉकेल थांबतं.

ज्योत वाचायला शिका. सगळीकडून सारखी निळी आणि जाळी एकसारखी लाल, म्हणजे काम झालं. पंप भरपूर असून ज्योत खुजी असेल तर नळीत अजून कोळसा आहे. ती धापा टाकल्यासारखी कमी-जास्त होत असेल तर रॉकेलमध्ये पाणी आहे किंवा बर्नर पुरता तापलेला नाही. एका बाजूला झुकत असेल तर जेट बघा. पहिल्या तासात सुटे राहिलेले एकदोन पापुद्रे येऊन अडकू शकतात. तेव्हा बंद करा, पूर्ण निवू द्या, जेट काढून धुवा. हे एकदा झालं तर काळजी नको. रोज व्हायला लागलं तर बर्नर पुन्हा तापवायला घ्या.

खोलीत वापरताना

अंगणात दोनतीन संध्याकाळी नीट चालला की मगच घरात आणा. दार किंवा खिडकी चार बोटं उघडी हवीच, थंडी कितीही असो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि पिवळी ज्योत तो जास्त सोडते. हीटर चालू ठेवून कधीही झोपू नका. डोकं जड वाटलं, मळमळलं तर हीटर विझवत बसण्याआधी माणसांना बाहेर काढा. गोधडी, पडदे आणि मुलं हाताच्या अंतराबाहेर असू द्या. रॉकेल भरायचं ते हीटर विझून, निवून, स्क्रू उघडून दाब काढल्यावरच, आणि तेही बाहेर.

विझवताना स्क्रू सैल करून दाब पूर्ण जाऊ द्या, उरलेली वाफ जळून जाते.

होळीच्या सुमारास हीटर आवरताना टाकी पूर्ण रिकामी करा, झाकण उघडं ठेवून दोन दिवस उन्हात वाळवा, चामड्याच्या वायसरला तेलाचे चार थेंब द्या आणि झाकण सैल ठेवून कापडात गुंडाळा. एक जादा जेट, शिशाची दोन वायसरं, झडपेचं बूच आणि तरफेच्या तारेचा तुकडा डबीत घालून हीटरलाच बांधून ठेवा.